जिवंत माणसाचं छोटं घर

नान वोंगने फवारणीचा पंप मला देऊन टाकला, त्या दिवशी मला भीती वाटायला लागली.

पंप चांगला होता. पाठीवर घ्यायचा, पट्टे नुकतेच बदललेले. आमच्या गावात प्रत्येकाची लोंगानच्या फळांची बाग आहे आणि असा पंप कोणी कोणाला देत नाही, उसना द्यायलाही कुरकुरतात. नान वोंगने तो सायकलला बांधून आणला, माझ्या ओट्यावर ठेवला आणि म्हणाला, "तुझा गळतो ना? हा घे."

"आणि तू काय वापरणार?"

"मला आता काय फवारायचंय."

मी झाकण उघडून पाहिलं. आतून धुऊन वाळवलेला होता. मी म्हटलं, "मग औषधाची बाटलीही दे की. पंपाशिवाय तिचं काय करशील?"

तो सायकल वळवत होता. "ती राहू दे," म्हणाला आणि गेला.

मी बराच वेळ त्या पंपाकडे बघत बसलो.

गेले काही आठवडे नान वोंग एकेक वस्तू देत होता. कोंबड्या भाचीला दिल्या, मासे धरायचं जाळं शेजाऱ्याला, रेडिओ विहाराला. गावाने प्रत्येक वेळी, पुण्याच्या कामाला म्हणतात तसं, हात जोडून "साधू" म्हटलं, कारण तो स्वतःचं छोटं घर दान करणार होता. आमच्याकडे माणूस गेलं की त्याच्या नावाने बांबूचं आणि फळ्यांचं घर बांधून विहाराला देतात. वाकून आत शिरता येईल एवढं. आत गादी, मच्छरदाणी, भांडी, चपला, दिवा. गेलेल्या माणसाला पुढे उघड्यावर राहावं लागू नये म्हणून. माझी बायको खामसाई गेली तेव्हा मीही दिलं. कोणी कोणी जिवंतपणीच स्वतःसाठी देतात. त्यात जास्त पुण्य, असं सगळे मानतात, मीही मानत होतो.

दानाच्या वेळचं पठण गावात नान वोंगच करतो. तरुणपणी तो भिक्खू होता, म्हणून त्याला नान म्हणतात. मी लहानपणी श्रामणेर, म्हणजे छोटा भिक्खू, झालो आणि रात्रीची भूक सहन होईना म्हणून घरी आलो, तर मी नुसता नोई. माझं नाव नोई पन. स्वतःच्या दानाचं पठण स्वतः करता येत नाही, म्हणून ते तो मला शिकवत होता. रोज दुपारी त्याच्या अंगणात बसून मी ओळी घोकायचो आणि तो बांबू तासता तासता चुका काढायचा. जानेवारीच्या पौर्णिमेला, नव्या भाताच्या दिवशी, घर विहारात जायचं होतं. ती परवावर आली होती.

गेल्या पावसाळ्यात त्याचं पोट दुखायचं. जेवण जाईना, वाळत चालला. मोठ्या इस्पितळात घशातून नळी घालून बघितलं, रक्त काढलं, दोनदा बोलावलं. शेवटी डॉक्टर म्हणाला, आजोबा, काही नाही. गावाला आनंद झाला. त्यानंतर नान वोंग पोटाचं कधी बोलला नाही. दवाखान्यात जायचा थांबला. हसायला लागला. सगळे म्हणाले, सुटला बिचारा.

मला मात्र तो बाटली का ठेवतोय हे विचारायला दुसऱ्या कोणाकडे जावं लागलं नाही. खामसाईची मूत्रपिंडं गेली होती. पोटात नळी बसवून घरीच पाण्याच्या पिशव्या लावायच्या, उतरवायच्या, हे काम मी करायचो. ती गेली तरी त्या पिशव्यांची खोकी माझ्या खोलीत छतापर्यंत रचलेली आहेत. मी अजून हात साबणाने कोपरापर्यंत धुतो आणि मग आठवतं की कोणासाठी धुतोय. त्या खोक्यांच्या शेजारी पडून माणूस काय काय विचार करतो, ते मला माहीत आहे.

मी सीनुआनकडे गेलो. ती आमच्या गल्लीची आरोग्य सेविका, म्हणजे आमच्यातलीच एक बाई, घरोघर रक्तदाब मोजते आणि सरकारने सांगितलेले प्रश्न विचारते. अंगणात भात पाखडत होती.

"सीनुआन, नान वोंगला ते प्रश्न विचारलेस का? मन उदास आहे का, ते?"

"विचारले की. दोन्ही प्रश्नांना नाही म्हणाला."

"कुठे विचारलेस?"

"कुठे म्हणजे? कुंपणावरून. गाडी चालूच होती माझी, पुढे अजून किती घरं होती." तिने सूप खाली ठेवलं. "तुम्हीही नाहीच म्हणालात पो-उई. सगळी गल्ली नाही म्हणते. माझी गल्ली जिल्ह्यात सगळ्यात सुखी आहे."

म्हाताऱ्याला आमच्याकडे पो-उई म्हणतात. तिच्या तोंडी ते प्रेमाचं असतं, पण त्या दिवशी मला टोचलं.

"मी खोटं बोललो होतो," मी म्हटलं. "समोर तुझी सासू बसली होती, सुपारी चघळत."

"बरं. पण नान वोंगचं काय झालं? इतका आनंदात आहे तो. काल मला म्हणाला, सीनुआन, तुझ्यासाठी घरात एक खिडकी जास्त ठेवतो, वरून बघत बसेन तू किती रक्तदाब खोटे लिहितेस ते."

मी तिला पंपाचं सांगितलं. मग बाटलीचं.

तिचा हात भातातच राहिला. "तुम्हाला वाटतं..." एवढं म्हणून तिने घराच्या दाराकडे पाहिलं. सासू आत होती. आवाज खाली आणून ती म्हणाली, "पण तो पुण्य करतोय. परवा अख्खा गाव जेवायला येणार. आपण असं काही बोललो आणि ते खोटं निघालं, तर दानात खोडा घातल्याचं पाप कोणाला लागेल?"

"आणि खरं निघालं तर?"

तिने हात झटकला. कमरेचा फोन काढला आणि आरोग्य केंद्रातल्या नर्सला लावला. ओराथाई तिचं नाव, आम्ही सगळे तिला डॉक्टरबाईच म्हणतो. सीनुआनने दोन वाक्यं बोलून फोन माझ्या हातात दिला.

डॉक्टरबाईने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "पो-उई, त्याला एकटं सोडू नका. आणि सरळ विचारा, मरायचा विचार करतोस का म्हणून. विचारल्याने नसलेली गोष्ट डोक्यात शिरत नाही. मी आत्ता येऊ का?"

"तुमची गाडी त्याच्या दारात लागली तर तो मागच्या दाराने बागेत जाईल," मी म्हटलं. "बाटली बागेकडेच असणार. मी त्याला घेऊन येतो."

"कसं आणणार?"

"बघतो."

"तुम्ही स्वतः बरे आहात ना?"

"मी बराय," मी म्हटलं आणि फोन सीनुआनला दिला.

नान वोंग अंगणात घराच्या छपरावर पानं बसवत होता. घर सुरेख झालं होतं, खरंच. ओटा, दोन पायऱ्या, दाराला कडी. आत नवी गादी घडी करून ठेवलेली. तो शिडीच्या खालच्या पायरीवर उभा होता, दातात बांबूची पट्टी, कमरेला कोयता.

"उशिरा आलास," तो म्हणाला. "बस. सुरुवातीपासून म्हण."

मी बसलो नाही. डॉक्टरबाईने सांगितलेला प्रश्न घशापर्यंत आणला. बाहेर आला नाही. त्याच्या भाचीची मुलं कुंपणाशी खेळत होती, पलीकडे कोणीतरी मिरच्या भाजत होतं, आणि मला त्याच्या तोंडावर तो शब्द टाकता आला नाही.

"मला झोप येत नाही," मी म्हटलं.

"म्हातारा झालास."

"नाही, येतच नाही. केंद्रात जाऊन दाखवतो म्हणतोय. तू चल."

"मी कशाला? तुझी झोप का माझ्या खिशात आहे?"

"एकटा गेलो तर दारातून परत येईन."

तो हसला. पट्टी दातातून काढून त्याने गाठ मारली. "पौर्णिमा होऊ दे. मग जा. मग सीनुआनला घेऊन जा, ती गाडीवरून नेईल, तुझी वट वाढेल."

मग. पौर्णिमा झाल्यावर. आणि मी सीनुआनला घेऊन जायचं. स्वतःला त्याने त्यात धरलंच नव्हतं. मी तसाच उभा राहिलो.

"आज," मी म्हटलं. "आत्ता."

"छप्पर अर्धं आहे."

"राहू दे अर्धं."

त्याने वळून माझ्याकडे पाहिलं. "काय झालंय तुला?"

"तू आला नाहीस तर मी परवा पठण करणार नाही."

तो शिडीवरून खाली उतरला. हळू, एकेक पाय. मी त्याला लहानपणापासून ओळखतो, तो रागावला की हळू होतो.

"परत म्हण."

"करणार नाही. दुसरा कोणी बघ. दुसऱ्या कोणाला येत नाही."

"विहारातल्या भंतेंना सांगून झालंय. गाव बोलावून झालंय. नोई, दान अडवणाऱ्याचं काय होतं ते तुला ठाऊक आहे. तुझ्या खामसाईच्या वेळी मी तापात पठणाला उभा राहिलो होतो. उभा राहिलो की नाही?"

"राहिलास."

"आणि तू मला अडवतोस. झोपेसाठी."

"हो. झोपेसाठी."

तो माझ्या इतका जवळ आला होता की मला त्याच्या तोंडातल्या आंबवलेल्या चहाच्या पानांचा वास येत होता. मला वाटलं हा आता मारणार. मारलं असतं तरी मी हललो नसतो. मग त्याने छपराकडे पाहिलं, पानांच्या उरलेल्या ढिगाकडे पाहिलं, कमरेचा कोयता काढून घराच्या ओट्यावर ठेवला आणि आपली कापडी पिशवी खांद्याला अडकवली.

"जाऊन लगेच यायचं," तो म्हणाला. "आणि ओळी वाटेत म्हणायच्या."

वाटेत मी ओळी म्हणत चाललो. तो एक पाऊल पुढे, वळूनही न बघता चुका काढत होता. त्याच्या पुढच्या प्रवासाच्या ओळी मी त्याच्याच पाठीमागून म्हणत होतो आणि प्रत्येक ओळीला मला वाटत होतं, हा आत्ता मागे फिरेल.

केंद्रात रक्तदाबाच्या गोळ्यांचा दिवस होता. बाकांवर अर्धा गाव.

"आले घरमालक," म्हातारा पेंग ओरडला. "नान, खोली भाड्याने देणार का?"

"तुला नाही. तू घोरतोस. मेल्यावरही घोरशील."

सगळे हसले. नान वोंगही हसला. त्याचा चेहरा इतका मोकळा होता की क्षणभर मलाच माझी शंका आली. मग मी त्याच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता.

माझं नाव पुकारलं. मी उठलो आणि त्याची बाही धरली. "तू पण आत."

"मी काय करू आत?"

"मला ऐकू कमी येतं. डॉक्टरबाई काय सांगते ते लक्षात ठेव."

"तुला कुत्रं तीन गल्ल्यांपलीकडे भुंकलं तर ऐकू येतं," तो पुटपुटला, पण लोकांसमोर ओढाओढी नको म्हणून आला.

डॉक्टरबाईने दार लावलं. खिडकीचा पडदाही ओढला. मला समोर तपासायच्या पलंगावर बसवलं, त्याला भिंतीशी खुर्चीवर. एकदाच त्याच्याकडे पाहून तिने हात जोडले आणि मग माझ्याकडे वळली.

मी ठरवून आलो होतो की झोपेचं बोलायचं, मग काहीतरी निमित्त काढून तिला त्याच्याकडे वळवायचं.

"गेल्या दोन आठवड्यांत मन उदास, निराश वाटलं का, पो-उई?"

"झोप येत नाही."

"ते कळलं. उदास वाटलं का?"

पडदा ओढल्यामुळे खोलीत अंधारलं होतं. बाहेर पेंग कोणाला तरी हसवत होता. इथे कोणाची सासू नव्हती.

"हो," मी म्हटलं.

"पूर्वी आवडायच्या त्या गोष्टींत मन लागतं का?"

"नाही. मी बाग बघायला गेलो नाही. फळं गळून पडली यंदा. मी कोणाला सांगितलं नाही, माणसं लावून काढली असं म्हटलं." मी थांबणार होतो, पण थांबता आलं नाही. "मी हात धुतो. पिशवी बदलायची वेळ झाली की हात धुऊन खोलीत जातो. तिथे कोणी नसतं. मग खोक्यांना पाठ लावून बसतो. जेवत नाही. लोक जेवण आणतात, ते कुत्र्याला घालतो."

"जगण्यापेक्षा मेलेलं बरं, असं मनात येतं का?"

भिंतीशी खुर्ची कुरकुरली.

"येतं," मी म्हटलं. "करणार नाही काही. पण येतं."

डॉक्टरबाईने काही लिहिलं नाही. मान हलवली, आणि तितक्याच आवाजात, खुर्ची जरा वळवून विचारलं, "नान, तुम्हाला?"

"मी याच्याबरोबर आलोय."

"माहीत आहे. तरी विचारते. उदास वाटतं?"

"नाही."

"मरायचा विचार येतो?"

"मी घर दान करतोय. मरणाचा विचार प्रत्येक शहाणा माणूस करतो. भंतेही सांगतात."

माझ्या लक्षात आलं की हा असाच सुटणार. जसा कुंपणावरून सुटला, तसाच. उठेल, हात जोडेल, अर्ध्या छपराकडे जाईल.

"पंप मला दिला," मी म्हटलं, "आणि औषधाची बाटली स्वतःकडे ठेवलीय. मागितली तरी दिली नाही."

नान वोंग उठला.

"फसवून आणलंस."

"हो."

"झोप म्हणे. कान म्हणे. नाटक केलंस माझ्यासमोर."

"आणलं फसवून. पण आत बोललो ते नाटक नव्हतं. ते बोलायचं ठरवलंही नव्हतं."

तो दाराशी गेला. कडीवर हात ठेवला. डॉक्टरबाई जागची हलली नाही, मीही नाही. त्याची पाठ आमच्याकडे होती आणि खांदे हलत होते. बाहेर पेंग म्हणत होता, "आत काय लग्न लावतायत का दोघांचं?" आणि बायका हसत होत्या. कडीवरचा हात तसाच राहिला. दार उघडलं असतं तर अर्ध्या गावाने त्याचा चेहरा पाहिला असता. तो कपाळ दाराला टेकवून उभा राहिला. मी त्याच्याकडे बघू नये म्हणून जमिनीकडे बघत होतो.

मग तो परत आला आणि माझ्या शेजारी, पलंगाच्या कडेला बसला. बाहीने तोंड पुसलं.

"काही नाही म्हणाले," तो म्हणाला. "आत नळी घालून बघितलं, काही नाही. म्हणजे मी खोटं बोलतो. मुलगा कारखान्यातून रजा काढून आला होता. पोटातले फोटो बघून म्हणाला, बाबा, काही नाहीये हो. पाय आपटत गेला. मी सकाळी उठतो तेव्हा इथे दगड असतो." त्याने बरगडीखाली मूठ धरली. "जेवलो तरी असतो, नाही जेवलो तरी असतो. काही नसलेलं किती दिवस सांगायचं? मग म्हटलं, नीट बांधून, सगळ्यांचं सगळं देऊन, पुण्य करून जावं. कोणाला त्रास नको."

"दगड आहे ना तिथे?" डॉक्टरबाईने विचारलं.

"आत्ताही आहे."

"मग काही नाही असं कोणी म्हणू नये. नळीला दिसला नाही एवढंच. मन आजारी पडलं तरी पोटात दगड येतो, आणि त्याला उपचार असतात. पण मला आधी ती बाटली हवी. कुठे आहे?"

त्याने बरगडीखालची मूठ सोडली नाही. मला वाटलं, तो सांगणार नाही, आणि मग आपण कितीही बोललो तरी उपयोग नाही.

"तांदळाच्या कणगीमागे," तो म्हणाला. "पिवळ्या फडक्यात. सीनुआनलाच पाठवा. तिच्या सासूला कळता कामा नये."

डॉक्टरबाईने तिथेच फोन केला. मग जिल्ह्याच्या इस्पितळात केला. मनाचे डॉक्टर आज आहेत, आज रात्री ठेवून घेतील, केंद्राची गाडी सोडते, असं सांगितलं.

"परवा माझं दान आहे," नान वोंग म्हणाला.

"परवा नाही होणार, नान."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मी विरोध करेन या आशेने की काय, कळलं नाही. मी म्हटलं, "लोकांना मी सांगतो. नोईला पठण पाठ झालं नाही म्हणून पुढे ढकललं. सगळ्यांना पटेल."

"ते खरंच झालेलं नाही," तो म्हणाला. अजून रागात होता. कितीतरी दिवस राहणार होता, ते मला त्याच्या आवाजावरून कळलं.

गाडी मागच्या दाराशी आली. आम्ही तिकडूनच बाहेर पडलो, बाकांवरच्या कोणी पाहिलं नाही. ड्रायव्हर दार उघडून उभा होता. कागद हातात घेऊन त्याने विचारलं, "पेशंट कोण आणि बरोबर कोण?"

मी नान वोंगकडे पाहिलं.

"इथे पेशंट म्हणूनच दोन नावं आहेत," तो म्हणाला, कागद परत बघत.

नान वोंग आधी चढला. आत सरकून खिडकीशी गेला, तोंड बाहेर वळवून बसला, आणि शेजारच्या जागेवरची स्वतःची पिशवी उचलून त्याने मांडीवर घेतली.